शाळा सोडल्याचा दाखला

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कचेरीत दाखल्यांचे काम माझ्याकडे येते. माझे अक्षर वळणदार आहे, एवढेच त्याचे कारण. दाखले आता यंत्रावर छापून निघतात; पण जनरल रजिस्टरातली नोंद अजून हातानेच करावी लागते. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा. कारणाच्या रकान्यात बहुधा एकच मजकूर असतो : 'पुढील शिक्षणासाठी'. वर्तणूक सर्वांचीच 'चांगली' असते. वीस वर्षे मी हे लिहीत आलो आहे. त्यात कधी काही चुकले असे मला वाटले नव्हते.

गेल्या प्रजासत्ताक दिनाला ध्वजवंदन झाल्यावर मुलांपुढे चार शब्द बोलण्याची पाळी माझ्यावर आली. २६ जानेवारी हा लोकनायक बापूजी अणे यांचा स्मृतिदिन. १९६८ साली त्याच दिवशी ते वारले. तेव्हा मी त्यांच्याविषयी बोललो. वणीला जन्मलेले, अमरावतीला मास्तरकी केलेले, यवतमाळला वकिली केलेले, पुढे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या मंडळाचे सभासद, बिहारचे राज्यपाल आणि लोकसभेचे सभासद, अशी यादी मी मुलांना ऐकवली. यादी संपल्यावर आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मग त्यांनी शाळा का सोडली?"

मी काहीतरी उत्तर दिले. पण शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना एक सहकारी हसून म्हणाले, "शाळा सोडली म्हणूनच तर राज्यपाल झाले! आपण सोडली नाही, आपण रजिस्टर लिहितो." सगळे हसले. मलाही हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री जागून, आणि शाळा सोडण्याचा विचार माझ्याही मनात एकदोनदा येऊन गेला आहे. त्यामुळे त्या मुलाचा प्रश्न मला माझ्याच घरचा वाटला. मास्तर शाळा सोडून जातो तेव्हा तो मास्तरकीतले काय बरोबर नेतो आणि काय मागे ठेवतो? बापूजींच्या आयुष्याकडे मला याच प्रश्नाच्या खिडकीतून पाहावयाचे आहे.

१

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. म्हणजे अण्यांनी ज्यांना गुरू मानले ते टिळक, शिष्याचा जन्म झाला त्या वर्षी वर्गात गणित शिकवीत होते. शास्त्रीबोवा सरकारी शाळेची नोकरी सोडून आले होते. टिळकांनीही पुढे १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला आणि ते वर्तमानपत्राच्या व राजकारणाच्या वाटेने निघून गेले. आपल्याकडच्या एका पिढीचे राजकारणच मुळी शाळा सोडलेल्या मास्तरांनी उभे केले. अणे त्या परंपरेतले वऱ्हाडचे मास्तर.

बापूजी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९०२ साली बी. ए. झाले. नागपूरला विद्यापीठ आले ते १९२३ साली. तोवर इकडच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी दूरच्या विद्यापीठांकडे तोंड करून बसावे लागे. ज्या वर्षी बापूजी पदवीधर झाले त्याच वर्षी लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला : दरसाल पंचवीस लाख रुपये निजामाला द्यावयाचे आणि प्रांत इंग्रजांनी वाहावयाचा. १८५३ पासून हा मुलूख कागदोपत्री निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता. १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला. वऱ्हाडी माणसाला यातले कोणी काही विचारले नाही. शेताचा बटईचा करार करतानासुद्धा दोन पंच बसतात. इथे एक सबंध प्रांत पट्ट्याने गेला आणि पंच कोणी नव्हते. पुढे साठ वर्षे बापूजी वऱ्हाडच्या वेगळेपणाविषयी जे बोलत राहिले, त्याचे बी त्यांच्या तरुणपणीच्या या व्यवहारात पडले असावे, असे मला वाटते.

अशा वेळी, १९०४ साली, ते अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कुलात शिक्षक झाले. अमरावती हे त्या वेळी वऱ्हाडचे डोके होते. कापसाच्या गाठींचा पैसा होता, वकिलांचे वाडे होते, अंबादेवीच्या देवळात कीर्तने होती आणि १८९७ च्या काँग्रेसची आठवण अजून ताजी होती. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली ते अधिवेशन अमरावतीस भरले, तेव्हा टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी ही मंडळी याच गावची. जहाल आणि मवाळ असे दोन्ही रंग एकाच गावात नांदत होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचा वारा इकडेही सुटला. त्या दिवसांत वर्गात उभा असलेला पंचवीस वर्षांचा शिक्षक फळ्यावर काय लिहीत असेल आणि खिडकीबाहेर काय ऐकत असेल, हे सांगायला कादंबरीकाराची गरज नाही.

१९०७ साली कलकत्ता विद्यापीठाची एल्एल्. बी. होऊन त्यांनी शाळा सोडली आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली सुरू केली. येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. त्या काळी पुष्कळ तरुण पदवीधर मास्तरकी करता करता कायद्याचा अभ्यास करीत. शाळा ही त्यांना वकिलीच्या माडीवर जाण्याची पायरी होती. बापूजींची तीन वर्षे हीही तशी पायरी नव्हती, असे मी म्हणणार नाही. आमच्या रजिस्टराप्रमाणे त्यांचेही कारण 'पुढील शिक्षणासाठी' असेच लिहिता आले असते. प्रश्न एवढाच की, पायरी चढून गेल्यावर तिची माती तळपायाला लागून राहिली की नाही.

२

यवतमाळला वकिली चालली, पण ती पोटापुरती. टिळक मंडालेहून १९१४ साली सुटून आले आणि १९१६ साली त्यांनी होमरूल लीग काढली, तेव्हा बापूजी तिच्या कामात पडले. १९१८ साली त्यांनी यवतमाळला 'लोकमत' साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव टिळकांनी सुचवले. पुढे १९५२ साली जवाहरलाल दर्डा यांनी ते साप्ताहिक पुन्हा चालू केले आणि १९७१ पासून ते नागपूरहून दैनिक झाले. ज्या पत्राचे नाव रोज सकाळी आपल्या दारात पडते, त्याची पहिली पाटी एका माजी मास्तराने यवतमाळला रंगवली होती, हे आज कितीजणांना ठाऊक असेल?

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. त्यांच्या वऱ्हाडी अनुयायांपुढे मोठा पेच पडला. गांधींचा असहकार ही वाट टिळकांची नव्हती. टिळकांनी १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये 'प्रतियोगी सहकारिता' हा शब्द मांडला होता. सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे, त्याचा उपयोग करावा आणि उरलेल्यासाठी भांडावे, असा त्याचा सोपा अर्थ. खापर्डे असहकारापासून दूर झाले. बापूजी काँग्रेसमध्येच राहिले. वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षे सांभाळले, आणि आपली शंका त्यांनी लपवलीही नाही.

ही शंका अकोल्याला फळास आली. तिला कारण झाले अमरावतीचे एक गृहस्थ. श्रीपाद बळवंत तांबे हे अमरावतीचे वकील. स्वराज्य पक्षातर्फे निवडून येऊन मध्यप्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष झालेले. स्वराज्य पक्षाचे व्रत असे की, कायदेमंडळात शिरावयाचे ते अडवणूक करण्यासाठी; सरकारी अधिकारपद घ्यावयाचे नाही. १९२५ च्या ऑक्टोबरात तांब्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा पत्करली. मोतीलाल नेहरू संतापले. तात्यासाहेब केळकर आणि बॅरिस्टर जयकर यांनी मात्र विचारले की, कायदेमंडळाचे अध्यक्षपद चालते, तर कार्यकारी मंडळ तेवढे विटाळाचे कसे? वाद चिघळला आणि पक्षाला तडा गेला. १९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्याला परिषद भरली. केळकर, जयकर, डॉ. मुंजे आणि अणे एकत्र आले आणि प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला.

आज आपण अकोल्याच्या त्या परिषदेकडे पाहतो तेव्हा ती माघार वाटते. काँग्रेसच्या इतिहासांतून तिला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. पण वऱ्हाडच्या बाजूने पाहिले म्हणजे तिचा अर्थ थोडा निराळा दिसतो. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच, तो पट्ट्यावरचा मुलूख. त्यामुळे वऱ्हाडने दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळावर आपला प्रतिनिधी मते देऊन निवडावयाचा आणि मग गव्हर्नर जनरलने त्यालाच 'नेमलेला' म्हणून जाहीर करावयाचे, असा मोठा गमतीचा प्रकार होता. बापूजी असेच निवडून जात व नेमले जात. ज्या प्रांताला आपला माणूस आपला म्हणून दिल्लीला पाठवण्याचीसुद्धा सोय नव्हती, त्या प्रांतातल्या माणसांना हाती आलेले अर्धे दार बंद करणे परवडेल असे वाटले नाही. यात चूक असेल. पण ती भेकडाची चूक खास नव्हे.

आणि भेकडाची नव्हती, याचा पुरावा चार वर्षांतच मिळाला.

३

१९३० च्या मार्चमध्ये गांधी दांडीला निघाले. वऱ्हाडला समुद्र नाही. मीठ करावयाचे कोठे? त्याचे उत्तर अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्याने दिले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचे पाणी मचूळ. ते पिऊन आमच्या कितीतरी पिढ्यांची तोंडे खारट झाली. दहीहंड्याच्या विहिरीचे तेच पाणी चुलीवर आटवून एप्रिल महिन्यात मीठ काढले गेले. जे पाणी गावाला शाप वाटत होते, ते त्या दिवशी कामी आले.

पण मिठाने वऱ्हाड पेटला नसता. इथल्या कुणब्याचे आणि गोवाऱ्याचे रोजचे भांडण मिठाशी नव्हते, ते रानाशी होते. राखीव जंगलात गुरे शिरली की कोंडवाडा, गवताचा भारा कापला की दंड. रानाला लागून असलेल्या गावात नाकेदार हा कलेक्टरपेक्षा मोठा असतो. हे ज्याला ठाऊक होते त्यानेच जंगल सत्याग्रह काढला. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदजवळच्या राखीव रानात जाऊन विळ्याने गवत कापले आणि अटक करवून घेतली. काल अकोल्याला सहकाराचा शब्द बोलणारा माणूस आज कायदा मोडून तुरुंगात गेला. यात विसंगती दिसते खरी. परंतु प्रतियोगी सहकाराचा अर्थच असा होता की, समोरच्याने हात दिला तर हात, आणि लाथ दिली तर विळा. चांगला शिक्षक पुस्तकातला धडा गावच्या मातीत रुजवून सांगतो. पुसदचे गवत हे मला दांडीच्या धड्याचे असे वऱ्हाडी रूपांतर वाटते.

यानंतरच्या चार वर्षांत बापूजींकडे वरचेवर जी कामे आली, ती कोणाला नको असलेली होती. १९३१ साली बंगाल काँग्रेसमध्ये सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांची जुंपली, तेव्हा पंच म्हणून यवतमाळचे अणे कलकत्त्यास गेले. १९३३ साली नेते एकामागून एक तुरुंगात गेले आणि काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या जुलैत पुण्याला कार्यकर्त्यांची बैठक झाली. देश थकला होता. सामुदायिक कायदेभंग थांबवून ज्याने त्याने एकेकट्याने सत्याग्रह करावा, हा निर्णय झाला आणि तो जाहीर करण्याचे काम हंगामी अध्यक्षांवर आले. चळवळ सुरू करणाऱ्याचा फोटो लागतो. थांबवणाऱ्याचा लागत नाही. थांबवल्याचा दोष त्यांना पुष्कळांनी दिला. त्यांनी तो घेतला आणि स्वतः वैयक्तिक सत्याग्रह करून ते पुन्हा तुरुंगात गेले.

मग आला जातीय निवाडा. १९३२ साली इंग्रज पंतप्रधानाने धर्म आणि जात यांवर मतदारसंघांची वाटणी ठरवून दिली. १९३४ साली काँग्रेसने तिच्याविषयी 'स्वीकारही नाही, नकारही नाही' अशी भूमिका घेतली. पंडित मालवीय आणि बापूजी यांना हे पटले नाही. दोघांनी आपापल्या जागांचे राजीनामे दिले आणि त्याच वर्षी कलकत्त्याला काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. त्या भूमिकेत हिंदुसभेच्या विचाराची छटा होती, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. तसेच, काँग्रेसच्या उत्तरात परीक्षेत 'दोन्ही बरोबर' लिहिणाऱ्या मुलाची लबाडी होती, असे कोणी म्हटले तर तेही नाकारता येणार नाही. ज्या संघटनेचे आदल्या वर्षी आपण हंगामी अध्यक्ष होतो, तिच्याविरुद्ध निवडणुकीत उभे राहणे सोपे नसते. बापूजी उभे राहिले.

४

आता त्यांच्या रजिस्टरातले ते पान उलटायला हवे, जे उलटताना माझा हात अडखळतो.

१९४१ साली व्हाइसरॉय लिनलिथगो याने आपले कार्यकारी मंडळ वाढवले. काँग्रेसची मंत्रिमंडळे दोन वर्षांपूर्वीच राजीनामे देऊन बाहेर पडली होती आणि वैयक्तिक सत्याग्रहात माणसे तुरुंगात जात होती. अशा वेळी बापूजींनी त्या मंडळात जागा घेतली. त्यांच्याकडे परदेशांतल्या हिंदी लोकांचे खाते आले. अकोल्याचे तत्त्व त्यांनी शेवटपर्यंत ताणून पाहिले, असे म्हणावयाचे. टीका फार झाली.

पुढे ऑगस्ट १९४२ उजाडला. चांदा जिल्ह्यात चिमूरला १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, गोळीबार झाला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. त्यानंतर लष्कर आले आणि गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या बातम्या सरकारने दाबून ठेवल्या. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी यांना त्या कळल्या. हे भन्साळी म्हणजे विलक्षण तपस्वी. गुजरात विद्यापीठात शिकवलेले आणि मग शिकवणे सोडून व्रतात शिरलेले. तेही शाळा सोडलेले मास्तरच. नोव्हेंबरात ते दिल्लीला गेले आणि थेट बापूजींच्या बंगल्यावर पोचले. मागणी साधी होती : तुम्ही आमच्याकडचे, व्हाइसरॉयच्या मंडळात बसता; चिमूरला चला, त्या बायकांना भेटा, चौकशी करवा.

वणी वर्धा नदीच्या अलीकडे, चिमूर पलीकडे. हे घर दूरचे नव्हते. तरीही बापूजी त्या वेळी निघाले नाहीत. भन्साळींनी त्यांच्याच दारात अन्न सोडले. पोलिसांनी त्यांना धरून सेवाग्रामला परत पाठवले. उपवास तेथे पुढे चालला, आणि १२ जानेवारी १९४३ ला तो सुटला तेव्हा त्रेसष्ट दिवस झाले होते.

मी कादंबऱ्या लिहितो. त्या बंगल्याच्या आतल्या खोलीत काय चालले असेल, हे रंगवून सांगण्याचा मोह मला होतो. पण हा इतिहास आहे, तेव्हा तो मोह आवरतो. आपल्या हाती आहे ते एवढेच : दाराबाहेर एक माजी शिक्षक उपाशी बसला होता, दाराच्या आत दुसरा माजी शिक्षक अधिकारपदावर होता, आणि आतल्याने आपले पद त्या दिवशी सोडले नाही. पद राखून आतून काही करता येईल, असे त्यांना वाटले असेल. सहकाराचे तत्त्व मानणाऱ्याला तसे वाटणे साहजिक आहे. पण ज्या बायकांची दाद लागावयाची होती, त्यांना त्या तत्त्वाचा उपयोग झाला नाही.

तीनच महिन्यांनी त्यांचा राजीनामा आला. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधींनी आगाखान पॅलेसात एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. सरकारने त्यांना सोडावयाचे नाकारले. १७ तारखेला बापूजी, नलिनीरंजन सरकार आणि होमी मोदी या तिघांनी व्हाइसरॉयच्या मंडळातून अंग काढून घेतले. महायुद्धाच्या ऐन भरात, व्हाइसरॉयच्या तोंडावर, त्याच्याच मंडळातले तिघे उठून गेले. ही लहान गोष्ट नव्हती. राजीनाम्याला धैर्य लागले, यात मला शंका नाही. मात्र हा राजीनामा महात्म्याच्या उपवासासाठी आला आणि चिमूरच्या अनाम बायकांसाठी आला नाही, हे रजिस्टरात लिहून ठेवले पाहिजे. वर्गातल्या हुशार मुलाकडे शिक्षकाचे लक्ष जाते आणि मागच्या बाकावरच्या मुलीचे रडणे राहून जाते, हे आम्हा मास्तरांना नवीन नाही. माझ्याही हातून ते झाले आहे. म्हणूनच हे पान मला टोचते.

५

यानंतर त्यांना पदे पुष्कळ मिळाली आणि त्यांविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. १९४३ ते १९४७ ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. तेथे मळ्यांवरच्या तमिळ मजुरांचे गाऱ्हाणे हा मुख्य प्रश्न होता. परत येऊन ते घटना समितीत बसले. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल झाले. एखादा माणूस बहात्तराव्या वर्षी पाटण्याच्या राजभवनातून बाहेर पडून स्वस्थ बसला असता.

ते बसले नाहीत. १९५३ साली नागपूर करार झाला. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य झाले. १९६० साली महाराष्ट्र झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या भरतीत विदर्भ वेगळा मागणे म्हणजे आपल्याच भाषेच्या माणसांत परके होणे होते. बापूजींनी ते पत्करले. १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांना नागपूरकरांनी काँग्रेसविरुद्ध लोकसभेवर पाठवले. वेगळे राज्य मात्र झाले नाही. त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी २०१६ साली महाराष्ट्राचे महाधिवक्तापद सोडले, ते याच विदर्भाच्या प्रश्नावर उठलेल्या वादळात. विदर्भ वेगळा व्हावा की नाही, याविषयी मी येथे मत देत नाही. दिवाळीच्या फराळात भांडण नको. पण पट्ट्याने दिल्या गेलेल्या प्रांतातल्या माणसाला 'आम्हांला विचारा' असे म्हणत राहावेसे वाटले, त्याचे मूळ १९०२ सालापर्यंत जाते, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पण बापूजींचे खरे अखेरचे काम राजकारणातले नाहीच. उतारवयात हा माणूस पुन्हा पाटी घेऊन बसला. त्यांनी संस्कृतात, पद्यात, हजारो श्लोकांचे टिळकचरित्र रचले : 'श्रीतिलकयशोऽर्णव'. अर्णव म्हणजे समुद्र. १९६८ च्या २६ जानेवारीला ते गेले. त्याच वर्षी पद्मविभूषण आले आणि या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली, त्यांच्या माघारी. संस्कृत वाचणारे किती आणि त्यातून असे महाकाव्य वाचणारे किती? हे त्यांना कळत नसेल असे नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात बसलेला, राजभवनात राहिलेला माणूस स्वतःची आठवणवही लिहितो, आपले खुलासे देतो, चिमूरसारख्या पानांवर पांघरूण घालतो. बापूजींनी उतारवयाची वर्षे स्वतःच्या नव्हे, गुरूच्या चरित्राला दिली. विद्यार्थ्याने मास्तरांची वही सुवाच्य करून द्यावी तशी.

६

त्या आठवीतल्या मुलाला मी आता काय सांगू?

मी सांगेन की, त्यांनी शाळा सोडली ती मोठे होण्यासाठी, यात लाजण्यासारखे काही नाही. पण पदे मिळाली म्हणून ते मोठे ठरले, हे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे नाही. हंगामी अध्यक्ष कितीतरी झाले आणि राज्यपाल तर दर पाच वर्षांनी बदलतात. त्यांची नावे मुलांकडून पाठ करून घ्यावी लागतात आणि परीक्षा झाली की ती विसरली जातात. बापूजी लक्षात राहतात ते, जे पटले नाही त्याखाली सही न करण्यासाठी. ही सवय त्यांना अमरावतीच्या वर्गात लागली, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण मास्तराला रोज चाळीस जोडी डोळ्यांसमोर उभे राहावे लागते, आणि फळ्यावर चुकीचे लिहिले तर कोणीतरी बोट वर करतेच. ते बोट ज्याने तीन वर्षे पाहिले, त्याला पुढे दिल्लीतही ते दिसत राहिले असेल. चिमूरच्या वेळी ते उशिरा दिसले. उशिरा दिसणे हा दोषच; पण ज्यांना ते कधीच दिसत नाही, त्यांच्या रांगेत बापूजींना बसवता येणार नाही.

आणि स्वतःला काय सांगू? शाळा सोडणे किंवा न सोडणे हा हिशेब आता माझ्यापुरता संपला आहे. पण मागच्या बाकावरची मुलगी माझ्या वर्गात आजही आहे. तिच्याकडे जाण्यासाठी मला दिल्लीहून चिमूरला जावे लागत नाही. चार पावले टाकली की झाले. ती टाकली नाहीत तर मी आयुष्यभर शाळेत राहूनही शाळा सोडलेलाच.

येत्या जूनमध्ये पुन्हा रजिस्टर उघडेन. 'वर्तणूक : चांगली' असे सरसकट लिहिण्याआधी यंदा एकेक मूल डोळ्यांपुढे आणावे म्हणतो. शेऱ्याचा रकाना वीस वर्षे मी कोरा सोडत आलो. यंदा त्यात प्रत्येकाविषयी एक खरे वाक्य लिहीन. काशीबाई शाळेच्या त्या तरुण मास्तराचा दाखला लिहिण्याची पाळी माझ्यावर आली असती, तर कारणाच्या रकान्यात नेहमीचेच शब्द घातले असते. शेऱ्यात मात्र लिहिले असते : 'चुकल्यास स्वतः उठून उभा राहतो. कधी उशिरा.'